आधी रीत की आधी उदाहरण?

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगरांना टेकून असलेल्या पाटण गावात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. लेखाचा काळ इ.स. 1207च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला उत्पन्न लावून दिलं. लेख संस्कृतात सुरू होतो, पण उत्पन्नाचा तपशील आला की भाषा मराठी होते. बहुधा ज्यांच्याकडून वसुली व्हायची त्यांना तो समजावा म्हणून. पाटणच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावरचा कर मठाला मिळावा आणि तेलाच्या दर घाण्यामागे पळी पळी तेल द्यावं, अशी ती व्यवस्था आहे.

आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणिताची शाळा चालायची ती अशी बाजाराच्या जिवावर. तिथे शिकवलं जाणारं गणितही बाजारापासून फार लांबचं नव्हतं. भास्कराचार्यांची 1150 सालची ‘लीलावती’ उघडली की पहिल्यांदा भेटतात ती कोष्टकं: 20 वराटकांची 1 काकिणी, 4 काकिणींचा 1 पण, 16 पणांचा 1 द्रम्म, 16 द्रम्मांचा 1 निष्क. मग सूत्र येतं आणि सूत्रापाठोपाठ उदाहरण. भुंग्यांचं उदाहरण त्यातलं सर्वांत लाडकं. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलिंध्राच्या फुलांवर आणि या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजाकडे. राहिला तो एकटा भुंगा केतकी आणि मालतीच्या वासात घुटमळतोय. तर थवा केवढा?

आजच्या मुलाला इथे ‘क्ष’ धरायला सांगतात. भास्कराचार्यांची रीत निराळी. मनाला येईल ती संख्या धरायची. समजा 30 धरली. पाचवा भाग 6, तिसरा भाग 10, फरक 4, त्याची तिप्पट 12. बेरीज 28, उरले 2. खरे तर 1 उरायला हवा होता, म्हणजे धरलेली संख्या दुप्पट झाली. उत्तर 15. धरलेली संख्या चुकीची आहे हे ठाऊक असूनही ती धरायची आणि तिच्याच आधाराने बरोबर उत्तरावर यायचं, हे या रीतीचं खरं सौंदर्य. या रीतीला ‘इष्टकर्म’ असं नाव आहे. मोराने सापावर झेप घेण्याचं, वाऱ्याने मोडलेल्या बांबूचं, अर्जुनाच्या बाणांचं अशी पुष्कळ उदाहरणं या ग्रंथात आहेत. आणि ज्याच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी बोटं मोडली ते नळ आणि हौदाचं गणितही आहे. चार झरे एक तळं अनुक्रमे 1 दिवस, 1/2 दिवस, 1/3 दिवस आणि 1/6 दिवसात भरतात, तर चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? उत्तर, दिवसाचा बारावा भाग.

विज्ञानदिनाच्या भाषणांत लीलावतीचा उल्लेख बालवाचनाचं पुस्तक असल्यासारखा होतो. ती तशी नाही. ज्याचा संस्कृत भाषेवर हात बसला आहे अशा विद्यार्थ्यासाठी ती आहे. लीलावती या मुलीच्या समजुतीसाठी बापाने ग्रंथ लिहिला ही गोष्टही अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 साली केलेल्या फारशी भाषांतरातून पसरली. जुन्या संस्कृत टीका त्याबद्दल गप्प आहेत. पण एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. लीलावतीत क्रम पक्का आहे: आधी सूत्र, मग उदाहरण. मात्र सूत्र इतकं आखडतं असतं की उदाहरण सोडवल्याशिवाय ते उलगडतच नाही. समज यायची जागा उदाहरणातच आहे. प्राथमिक शाळेत ‘समस्या सोडवणं’ आणायच्या खटाटोपाचा इतिहास म्हणजे या क्रमाचाच इतिहास आहे. उदाहरणं आपल्याकडे कधीच कमी नव्हती. धड्यात ती कुठे बसवायची, एवढाच काय तो प्रश्न होता.

गावातल्या पोरांचं गणित पंतोजीच्या शाळेत चालायचं, ओसरीवर नाहीतर देवळात. धुळपाटीवर बोटाने आकडे गिरवायचे आणि संध्याकाळी एका सुरात परवचा. बे ते तीसपर्यंत पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे सुरू: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन रुपये मणाने सतरा मण धान्य आलं तर पंतोजीचा विद्यार्थी गुणाकार करत बसत नसे, औटकीतलं सतरावं घर त्याच्या जिभेवर असे: साडेएकोणसाठ. हे घोकंपट्टीचं गणित म्हणून पुढे त्याची पुष्कळ टिंगल झाली. ती निम्मीच रास्त आहे. पाढे घोकून घेतले जात हे खरं, पण ज्या घरातली मुलं तिथे येत त्यांना घोकलेलं वापरायची जागा समोरच होती: दुकान, सावकारी, कुळकर्ण्याचं दप्तर. उदाहरण शाळेत नव्हतं, घरी होतं. ज्यांच्या घरी दुकान नव्हतं आणि दप्तरही नव्हतं त्यांना तर पंतोजीच्या ओसरीवरच जागा नव्हती, ही बाजू मात्र टिंगल करणारे आणि गोडवे गाणारे दोघेही विसरतात. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध लेखनवाचनाबरोबर हिशेबाचा आग्रह धरला तो याच लोकांसाठी. ज्याला हिशेब येत नाही त्याला सावकाराच्या वहीत काय लिहिलं आहे ते कसं समजणार?

गणिताचं पुस्तक छापून शाळेत आलं ते 1820च्या दशकात. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना 1822 साली देशी भाषांतल्या शाळा आणि शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली आणि तिचे चिटणीस होते कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. जर्व्हिस इंजिनिअर अधिकारी. मराठीत गणिताची पुस्तकं हवीत म्हटल्यावर त्यांनी ओळखीची पुस्तकं उचलली, त्यांत मुख्य चार्ल्स हटन यांचं. हटन हे न्यूकॅसलच्या खाणकामगाराचं पोर. पुढे ते वुलिचच्या लष्करी अकादमीत गणिताचे प्राध्यापक झाले आणि तोफखान्याच्या कॅडेटांसाठी त्यांनी 1798 साली हा ग्रंथ लिहिला. तोफगोळ्यांची रास रचली तर तिच्यात गोळे किती, हे मोजायच्या रीतीही त्यात आहेत. मराठी अंकगणिताच्या छापील पुस्तकाची एक आजी अशी वुलिचच्या बराकीत होती. गंमत म्हणजे याच मुंबईत 1816 साली जॉन टेलर या डॉक्टरने लीलावतीचं इंग्रजी भाषांतर छापलं होतं. ते विद्वानांच्या कपाटात गेलं आणि शाळेत आले हटन.

हटन यांच्या घराण्यातल्या पुस्तकांनी धड्याची एक घडी बसवली आणि ती आजतागायत मोडलेली नाही. आधी व्याख्या, मग रीत, मग एक सोडवून दाखवलेलं उदाहरण, मग उदाहरणसंग्रह आणि अगदी शेवटी शाब्दिक उदाहरणं. केरो लक्ष्मण छत्र्यांसारखा मोठा गणिती मराठीत अंकगणित लिहायला बसला तेव्हाही साचा हाच होता. शेवटची ती उदाहरणं म्हणजे धडा संपल्याची पावती. आठवड्याचे तास कमी पडले की पहिल्यांदा गळायची तीच.

लीलावतीतही उदाहरण सूत्रानंतरच यायचं, मग बिघडलं कुठे? एक तर प्रत्येक रीतीमागे उदाहरणांची रांग लागली. त्रैराशिकाखाली वीस उदाहरणं असली की मुलाला वाचायची गरज उरत नाही, ती त्रैराशिकाचीच असणार. संख्या उचलायच्या, मांडायच्या, मोकळं व्हायचं. लीलावतीतल्या भुंग्यांपाशी असं करता येत नाही. दुसरं कारण पैशाचं. ‘एका वाण्याने 3 रुपये 5 आणे मणाने 7 मण गहू घेऊन 3 रुपये 9 आण्यांनी विकला, तर नफा किती?’ या धर्तीच्या उदाहरणात खरी कसरत असायची ती सोळा आण्यांच्या रुपयाची आणि बारा पैंच्या आण्याची. गहू, वाणी, नफा यांचा विचार करायला डोक्यात जागाच राहत नसे. ज्याला सुचलं त्याला ते सोपं: मणामागे 4 आणे सुटले, सात मणांचे 28 आणे, म्हणजे 1 रुपया 12 आणे. पण पुस्तकात खरेदी काढा, विक्री काढा, वजाबाकी करा अशी रीत दिलेली आणि त्या रीतीला गुण. आण्यांतला हा छोटा रस्ता शोधणाऱ्याला ‘रीत लिहिली नाही’ म्हणून गुण गमवावे लागत.

1 एप्रिल 1957ला दशमान नाणी आली आणि पाठोपाठ किलो-मीटर. आणे-पैंची कसरत गेली, पण तिच्याबरोबर पावकी-निमकीचं पोटही गेलं. रुपयाचा पाव म्हणजे चार आणे हे नातं नाण्यात दिसायचं, ते आता 25 नव्या पैशांत शोधावं लागलं. अंकलिप्यांमधून हे पाढे पुढे कित्येक वर्षं छापले गेले, आजीआजोबांनी म्हणूनही घेतले, पण त्यांच्यावर चालणारा बाजार हळूहळू उठून गेला. 1967 साली बालभारती स्थापन झाली, राज्यभर एकच पुस्तक गेलं, चित्रं आली, छपाई सुधारली. शाब्दिक उदाहरणं मात्र पाठाच्या तळाशीच राहिली.

तळाशी ठेवलेल्या उदाहरणांनी मुलांचं काय होतं याचा छडा फ्रान्समध्ये लागला. 1980च्या सुमाराला ग्रनोबल शहरातल्या गणितशिक्षण संशोधकांनी 7 ते 9 वर्षांच्या 97 मुलांना एक प्रश्न घातला. जहाजावर 26 मेंढ्या आहेत आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? त्यातल्या 76 मुलांनी दिलेल्या संख्यांची काहीतरी क्रिया करून उत्तर दिलं. मुलं मूर्ख नव्हती. ‘प्रश्नाला उत्तर असतंच, ते समोरच्या सगळ्या संख्या वापरून येतं आणि नुकत्याच शिकवलेल्या क्रियेनेच येतं’ हा शाळेचा अलिखित नियम ती इमानाने पाळत होती. या प्रकरणावर फ्रान्समध्ये बराच गदारोळ झाला आणि स्टेला बारूक यांचं ‘कप्तानाचं वय’ याच नावाचं पुस्तक 1985 साली गाजलं.

मराठी वर्गात हाच रोग खुणेच्या शब्दांच्या रूपाने दिसतो. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. क्लासमध्ये तर या शब्दांखाली रेघ मारायला शिकवतात. मग अशा मुलापुढे हे ठेवावं: रमाने 3 पेरू मैत्रिणींना वाटले, तिच्याकडे 5 उरले, तर आधी किती होते? ‘उरले’ आहे म्हणजे पाचातून तीन गेले, उत्तर 2. आधी दोनच पेरू होते तर तीन वाटले कसे, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात येत नाही. तोच मुलगा घरी भावाने आपल्या वाटणीतला एक पेरू ढापला तर तत्काळ पकडतो.

घरचं गणित आणि वहीतलं गणित यांतली ही दरी मोजण्याचं काम ब्राझीलच्या रेसिफे शहरात झालं. तेरेझिन्या कारायेर, डेव्हिड कारायेर आणि अनालुसिया श्लिमन यांनी रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांकडून गिऱ्हाईक बनून हिशेब करून घेतले आणि नंतर तसेच हिशेब कागदावर दिले. 1985 साली छापलेल्या त्यांच्या लेखातला बारा वर्षांचा पोरगा प्रसिद्ध आहे. एक नारळ 35 क्रुझेरोला, दहा कितीला? शाळेत शिकलेलं ‘दहाने गुणताना शून्य लावा’ त्याने वापरलंच नाही. तीन नारळांचे 105, आणखी तिनांचे मिळून 210, आणखी तीन म्हणजे 315, वर एक, 350. बाजारात मुलांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब गोष्टीच्या रूपात कागदावर दिले तेव्हा 74 टक्के आणि नुसती आकडेमोड दिली तेव्हा अवघी 37 टक्के.

आपल्याकडची मुलंही यातून सुटलेली नाहीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास 2025च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आला. 20 रुपये किलोचे 800 ग्रॅम बटाटे आणि 15 रुपये किलोचे 1 किलो 400 ग्रॅम कांदे, मोड किती द्यायची, असले हिशेब ही मुलं कागदाशिवाय उरकत होती. शाळेच्या पद्धतीने मांडलेली वजाबाकी-भागाकार आला की अडत होती. उलट शाळेत नियमित जाणाऱ्या, विक्री न करणाऱ्या मुलांना वहीतलं येत होतं आणि बाजारातलं जमत नव्हतं. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनी एका मोठ्या कष्टकरी वस्तीत घरच्या उद्योगाला हात लावणाऱ्या मुलांचं गणित पाहिलं, तेव्हा पाव-अर्ध्याची भाषा आणि जुनी मापं तिथे अजून नांदताना दिसली. पाठ्यपुस्तकाने निरोप दिलेली पावकी गल्लीत जिवंत होती म्हणायची.

उदाहरण उचलून धड्याच्या डोक्यावर ठेवायचं काम सर्वांत चिकाटीने केलं ते जपानने. तिथेही सुरुवात आपल्यासारखीच होती. 1905 साली आलेली सरकारी अंकगणिताची पुस्तकं काळ्या वेष्टनाची, सगळा भर आकडेमोडीच्या सरावावर. 1935 साली शिओनो नाओमिची यांच्या पुढाकाराने हिरव्या वेष्टनाची पुस्तकं निघू लागली आणि शिक्षकांनी डोक्याला हात लावला. पहिलीच्या पहिल्या भागात मजकूर जवळपास नव्हताच, नुसती रंगीत चित्रं. बघा, बोला, मोजा. मुलाने भोवतालच्या जगाकडे गणिताच्या नजरेने पाहावं हा त्यामागचा विचार. युद्धाच्या धामधुमीत ती पुस्तकं मागे पडली, पण शिक्षकांच्या एका पिढीने ती शिकवली होती. पुढे जॉर्ज पोल्या यांचं 1945चं ‘हाउ टु सॉल्व्ह इट’ जपानीत आलं आणि 1970च्या दशकात शिगेरू शिमादा यांच्या गटाने एकाहून जास्त उत्तरं असलेल्या प्रश्नांवर काम केलं. त्यातला एक प्रश्न गोट्यांचा आहे. तिघांनी पाच-पाच गोट्या टाकल्या, ज्याच्या सर्वांत कमी विखुरल्या तो जिंकला. पण ‘विखुरणं’ मोजायचं कसं? कोणी सर्वांत लांबच्या दोन गोट्यांतलं अंतर घेतो, कोणी सगळ्या गोट्या मावतील असं वर्तुळ काढतो, कोणी गोट्या जोडून आकृतीचं क्षेत्रफळ काढतो. मग कोणीतरी विचारतो, पाचही गोट्या एका ओळीत पडल्या तर क्षेत्रफळ शून्य, म्हणजे तोच जिंकला का?

प्राथमिक वर्गातला जपानी तास याहून साधा असतो. पहिलीच्या मुलांपुढे एकच प्रश्न: 13 मधून 9 गेले तर किती? फळ्यावर तेवढंच. त्याआधी मुलांना 10च्या आतली वजाबाकी आणि ‘13 म्हणजे 10 आणि 3’ एवढंच शिकवलेलं असतं. शिक्षक रीत सांगत नाहीत. मुलं वहीत खटपट करतात आणि शिक्षक बाकांमधून फिरत कोणी काय केलं ते टिपून ठेवतात. ही फेरी चुका दुरुस्त करायची नसते, पुढे कोणाला कोणत्या क्रमाने फळ्याशी बोलवायचं ते ठरवायची असते. आधी येतो तो रेघोट्या मारून एकेक खोडणारा. मग 9च्या पुढे बोटं मोजत 13 गाठणारा. मग 13 मधून आधी 3 आणि नंतर 6 काढणारी. आणि शेवटी दहामधून थेट 9 काढून उरलेला 1 तिनात मिळवणारी. चारही रीती फळ्यावर शेजारी शेजारी राहतात, तास संपेपर्यंत काही पुसायचं नाही. मग वर्ग त्यांची तुलना करतो. तेरातून नऊऐवजी चार काढायचे असते तर यातली कोणती रीत सोपी पडली असती? अख्ख्या तासात सोडवलेलं गणित एक. संख्याही उगाच घेतलेल्या नाहीत. 9 दहाला खेटून असल्यामुळे शेवटची रीत मुलांनाच सुचण्याची शक्यता वाढते. हे असले तपशील जपानी शिक्षक शाळेतच एकमेकांचे तास पाहून, त्यावर चर्चा करून घडवत आले आहेत.

1995 साली जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या 231 तासांचं चित्रण करून अभ्यास झाला. अमेरिकन मुलांचा बाकावर बसून काम करायचा 95 टक्क्यांहून जास्त वेळ शिकवलेल्या रीतीच्या सरावात जात होता. जपानी वर्गात तो 41 टक्के होता आणि जवळजवळ तेवढाच, 44 टक्के, स्वतः रीत शोधण्यात. याच अमेरिकेत गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने 1980 सालीच जाहीर केलं होतं की येत्या दशकात शालेय गणिताच्या केंद्रस्थानी समस्या सोडवणं राहील. पुस्तकांत त्यासाठी काय आलं? पोल्यांच्या चार पायऱ्यांची चौकट: समजून घ्या, बेत करा, अमलात आणा, मागे वळून पाहा. पोल्या यांनी जे विचार करायला सांगितलं त्याची पाठ करायची यादी झाली. नवी रीत, जुनीच जागा.

भारतात हा प्रवाह अधिकृतपणे आला तो 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात. आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालच्या गणिताच्या गटाने आशयापेक्षा प्रक्रियेवर भर द्यायला सांगितला आणि गणिताच्या भीतीचा मुद्दा कागदावर मांडला. महाराष्ट्रात ज्ञानरचनावादाचा बोलबाला झाला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जाऊ लागले आणि 2015च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाने ते वारं गावोगाव नेलं. दशकांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, खोट्या नोटा वर्गात आल्या, फरशा रंगल्या. यातून आकड्यांची भीती कमी झाली हे कोणीही जिल्हा परिषदेच्या शाळेत डोकावून पाहावं. पण गठ्ठे-सुटे मांडून वजाबाकीची ठरलेली रीतच दाखवायची, असंही पुष्कळ ठिकाणी झालं. साधन बदललं, क्रम तोच. बालभारतीच्या गणित समितीवर काम केलेल्या मंगला नारळीकरांनी ‘गणितगप्पा’सारख्या पुस्तकांतून कोड्यांची आणि गप्पांची वाट मोकळी केली होती, पण 2019 साली राज्यात रण माजलं ते दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ म्हटल्यावर. विधानसभेपर्यंत गेलेल्या त्या वादात मुलं उदाहरणं सोडवताना विचार कुठे करतात, हे कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

शिक्षकांची बाजूही ऐकायला हवी. खेड्यातल्या अनेक शाळांत दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग असतात. पहिली-दुसरी एकत्र बसवून एकीला लिहायला देऊन दुसरीला शिकवायचं, मधे पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरा, बैठक गाठा. अशा शिक्षकाला एका तासात एकच गणित घ्या म्हणणं सोपं आहे. त्यातही प्रश्न पडू लागलेला वर्ग गोंगाटाचा असतो आणि पाहुणा अधिकारी शांत वर्गाला चांगला म्हणतो. शिवाय शिष्यवृत्ती परीक्षेचं दडपण. तिथे मिनिटाला प्रश्न सुटायला हवा, म्हणून क्लासवाले रीत पाठ करून घेतात आणि पालकांना त्यात गैर वाटत नाही.

तरी जागा आहे. दर महिन्याला केंद्रातल्या शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला जमतात. पत्रकं, माहिती, नव्या योजना यांच्या जोडीला तिथे कधी नमुना पाठही होतो. तो पाठ बहुतेक वेळा पाहुण्यांसाठी सजवलेला असतो: तक्ते, गाणी, टाळ्या, सगळ्यांचे हात वर. त्याऐवजी एखाद्या महिन्यात दुसरीच्या वर्गात हातच्याची रीत शिकवण्याआधी ‘42 मधून 27’ एवढंच फळ्यावर लिहून सोडायचं आणि जमलेल्या शिक्षकांनी मागे न बसता बाकांमधून फिरायचं. कोणी चाळिसातून वीस काढून पुढे अडेल. कोणी सातातून दोन काढून 25 लिहील. कोणी 27ला 3 मिळवून 30, पुढे 12, असं दुकानदारासारखं चढत जाऊन 15 म्हणेल. 25 लिहिणाऱ्याला ‘मांडणी चुकली’ म्हणण्याआधी 15 आणि 25 ही दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी ठेवायची आणि कोणाचं पटतं ते त्या सात वर्षांच्या पोरांनाच विचारायचं. त्या महिन्याच्या इतिवृत्तात लिहायला यातलं काय सापडेल, हे केंद्रप्रमुखांनी ठरवावं.